नेसणे, पांघरणे आणि नुसते ‘घालणे’

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तेथील तलावासाठी. तिन्ही बाजूंनी टेकड्या, त्यांवर उतरत आलेले रान आणि मध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ साठत आलेले निळे पाणी. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी येथे उतरतात आणि त्यांच्यामागून पर्यटकही येतात. परंतु या परिसराची आणखी एक ओळख आहे व ती पर्यटनाच्या पत्रकांत सहसा सापडत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांच्या वनपट्ट्यात ऐन आणि अर्जुन ही झाडे उदंड आहेत. या झाडांच्या पानांवर वाढणारी अळी जो धागा देते, तो कोसा. तुतीच्या पांढऱ्याशुभ्र रेशमाहून निराळा, मातकट सोनेरी झाक असलेला, अंगावर भारदस्त दिसणारा. महाराष्ट्रात अस्सल रानचे रेशीम पिकते ते याच भागात.

ज्या मुलखात धागा आहे, धागा विणणारे हात आहेत आणि लग्नसराईची हौसही आहे, त्या मुलखातील नवरदेव बोहल्यावर उभा राहताना अंगात काय घालतो? गोंदियाच्या किंवा नागपूरच्या दुकानातून भाड्याने आणलेली, यंत्रावरच्या कृत्रिम धाग्याची शेरवानी. दुकानाच्या पाटीवर तिचे वर्गीकरण असते ‘एथनिक वेअर’. थोडी अधिक हौस असेल तर ‘इंडो-वेस्टर्न’. शेरवानी हा भारतीयच वेष आहे, त्याविषयी तक्रार नाही. प्रश्न एवढाच की, मराठी पुरुषाचा समारंभी अंगावरचा वेष कोणता, हे विचारले तर उत्तर देणाऱ्याला आधी शब्दच आठवत नाही. वस्त्र नंतरची गोष्ट.

जपानी माणसाचा ‘हाओरी’

हाच प्रश्न जपानमध्ये विचारला तर उत्तर क्षणात मिळते. पुरुषाचा सर्वांत औपचारिक पारंपरिक वेष म्हणजे काळा किमोनो, कमरेखाली चुण्यांचा ‘हाकामा’ आणि वरून काळा ‘हाओरी’. हाओरी म्हणजे मांडीपर्यंत येणारा, समोरून न मिटणारा डगला. त्याच्या दोन्ही कडा छातीवरून सरळ समांतर खाली येतात आणि मध्ये एका विणलेल्या गोफाने त्या सैल बांधल्या जातात. औपचारिक हाओरीवर कुळाचे चिन्ह असते. ते पाच ठिकाणी असेल तर वेष सर्वोच्च मानाचा: एक पाठीवर, दोन बाह्यांच्या मागे आणि दोन छातीवर. चिन्हे तीन असतील तर मान एक पायरी खाली, एकच असेल तर आणखी खाली. चिन्हांकित वस्त्राला ‘मोन्त्सुकी’ असा स्वतंत्र शब्द आहे.

शब्दसंपत्ती येथे संपत नाही, सुरू होते. योद्धे चिलखतावरून घालीत तो बिनबाह्यांचा डगला ‘जिम्बाओरी’. एदो काळात सामुराई दरबारी कामासाठी घालीत तो ताठ, रुंद खांद्यांचा जोड ‘कामिशिमो’. उत्सवात आणि दुकानाच्या नोकरांच्या अंगावर दिसे तो छापील चिन्हाचा आखूड सदरा ‘हाप्पी’. कामकरी माणसाचा, थंडीत कापूस भरून शिवलेला ‘हान्तेन’. नववधू सर्वांत वर घेते ते जड, भरजरी, जमिनीवर लोळणारे ‘उचिकाके’. प्रवासात वरून घ्यायच्या चौकोनी गळ्याच्या डगल्याचे नाव ‘मिचियुकी’. त्या शब्दातच वाट आहे. म्हणून दुसऱ्याच्या घरी गेल्यावर मिचियुकी उतरवून ठेवायचा असतो, हाओरी मात्र अंगावर राहू शकतो. वस्त्राच्या नावात त्याचा आचार सांगितलेला असणे म्हणजे काय, ते या एका उदाहरणावरून कळते.

हाओरीचा इतिहासही गमतीचा आहे. तो मुळात पुरुषी वेष. एदो नगरीतील फुकागावा भागातील गेईशांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तो अंगावर घेतला आणि पुढे मेइजी काळात सर्वसाधारण स्त्रियांतही तो रूढ झाला. राज्यकर्त्यांनी व्यापाऱ्यांच्या भपक्यावर निर्बंध घातले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाहेरून साधा हाओरी शिवला आणि आतल्या अस्तरावर चित्रे रंगवून घेतली. ऐश्वर्य आत, संयम बाहेर! हिदेयोशी या सोळाव्या शतकातील सेनानायकाचा इराणी रेशमी गालिच्यातून शिवलेला जिम्बाओरी क्योतोच्या कोदाईजी मंदिरात जपून ठेवलेला आहे. १९६८ साली यासुनारी कावाबाता नोबेल पारितोषिक स्वीकारण्यास स्टॉकहोमला गेले, ते मोन्त्सुकी हाओरी आणि हाकामा परिधान करून. पाश्चात्त्य दरबारी पोशाखांच्या मेळाव्यात तो वेष कोणालाही विसंगत वाटला नाही, कारण परिधान करणाऱ्याला तो विसंगत वाटत नव्हता.

क्रियापदांची श्रीमंती

‘हाओरी’ हा शब्द ‘हाओरु’ या क्रियापदाशी जोडलेला आहे. हाओरु म्हणजे खांद्यावरून सैल घेणे. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: पांघरणे. जपानीत अंगात घालण्यासाठी ‘किरु’, कमरेखाली किंवा पायांत घालण्यासाठी ‘हाकु’, डोक्यावर घेण्यासाठी ‘काबुरु’ आणि कमरपट्टा आवळण्यासाठी ‘शिमेरु’ अशी वेगवेगळी क्रियापदे आहेत. ‘किमोनो’ या शब्दाचा मूळ अर्थही अगदी साधा, ‘परिधान करण्याची वस्तू’ एवढाच. पाश्चात्त्य कपडे आले, तेव्हा त्यांना ‘योफुकु’ म्हणजे पश्चिमेचा पोशाख आणि आपल्या कपड्यांना ‘वाफुकु’ म्हणजे जपानी पोशाख अशी जोडनावे दिली गेली.

मराठी या बाबतीत जपानीहून दरिद्री नाही. साडी आणि धोतर नेसायचे. शेला आणि घोंगडी पांघरायची. उपरणे खांद्यावर टाकायचे. पागोटे, फेटा बांधायचा. टोपी घालायची. अंगरखा अंगात चढवायचा. दागिना ल्यायचा. पदर घ्यायचा, कासोटा मारायचा, ओचा खोचायचा. प्रत्येक क्रियापद वस्त्राचे स्वरूप सांगते. शिवलेले की अखंड, सैल की आवळलेले, क्षणभरासाठी की दिवसभरासाठी. ‘नेसणे’ या एका शब्दात न शिवलेल्या वस्त्राची हजारो वर्षांची परंपरा सामावलेली आहे.

आज सुशिक्षित घरांतील मुली काय म्हणतात? “आज मी साडी घातली.” मुलगा म्हणतो, “मी धोतर घातलं.” फेटाही घालतात, शेलाही घालतात. शेला तर आता ‘स्टोल’ झाला आहे आणि उपरणे ‘दुपट्टा’. तयार शिवलेले, साखळी लावलेले धोतर बाजारात मिळू लागल्यावर ‘घातले’ हेच क्रियापद खरे ठरते, असाही युक्तिवाद होईल. तो युक्तिवाद योग्यच आहे आणि म्हणूनच दुःखद आहे. कौशल्य गेले की क्रियापद जाते आणि क्रियापद गेले की त्या कौशल्याची आठवणही जाते. निऱ्या घालता न येणाऱ्या पिढीला ‘नेसणे’ आणि ‘घालणे’ यांतील भेद कोशात पाहून कळेल, अंगाने कळणार नाही.

पूर्वेकडे गेलेले काषाय

भारताचा आणि जपानच्या वस्त्रशब्दांचा संबंध मराठी वाचकाला वाटतो त्यापेक्षा फार जुना आहे. जपानी भिक्षू डाव्या खांद्यावरून जे धर्मवस्त्र घेतात, त्याला ‘केसा’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘काषाय’. भारतातून चीन, चीनमधून जपान असा त्याचा प्रवास झाला. विनयपिटकात कथा आहे की, मगध देशातील बांध घातलेली शेते पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला तशी रचना चीवरासाठी करावयास सांगितली आणि आनंदाने तुकडे जोडून तसे वस्त्र सिद्ध केले. आजही केसा तुकड्या-तुकड्यांच्या पट्ट्या जोडूनच शिवला जातो. गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांध्या पाहणाऱ्याला ती रचना ओळखायला वेळ लागणार नाही. ‘चीवर’ हा शब्द महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांत आजही जिवंत आहे. ‘काषाय’ मात्र संस्कृत ग्रंथांत आणि क्वचित कीर्तनात उरला. जो शब्द समुद्रापलीकडे रोजच्या पूजाविधीत आहे, तो जन्मभूमीत पांडित्याचा झाला.

दुसरा प्रवास व्यापाऱ्यांचा. किमोनोखाली घालायच्या आतल्या वस्त्राला जपानीत ‘जुबान’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज खलाशांनी सोळाव्या शतकात नेला आणि पोर्तुगीजांकडे तो अरबी ‘जुब्बा’वरून आला होता. तोच ‘जुब्बा’ मराठीतही आला आणि मुक्कामाला राहिला. एक अरबी शब्द पूर्वेच्या टोकाला आतले वस्त्र झाला आणि आपल्याकडे बाहेरचे! जपानी ‘काप्पा’ म्हणजे पावसाळी झूल, तीही पोर्तुगीजच. ‘सान्तोमे’ हे पट्ट्यापट्ट्यांचे सुती कापड चोळमंडलच्या किनाऱ्यावरील सां थोमे या पोर्तुगीज वसाहतीचे नाव घेऊन जपानला पोहोचले. औपचारिक वेषाखाली पायांत घालायचे पांढरे ‘ताबी’ ज्या सुती कापडाचे शिवतात, त्याला जपानी माणूस ‘क्याराको’ म्हणतो. त्या शब्दात केरळातील कालिकत बंदर दडलेले आहे. मराठीतला ‘मांजरपाट’ही असाच. त्यात मांजर नाही आणि पाटही नाही, आंध्र किनाऱ्यावरील माधवपालम आहे.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. जपानी वेषाच्या शब्दसंपत्तीत परके शब्द नाहीत, असे मुळीच नाही. परंतु आलेल्या शब्दाला त्यांनी आपल्या लिपीत बसविले, आपल्या वस्त्राला चिकटविले आणि स्वतःच्या ‘हाओरी’ला हलू दिले नाही. पाहुण्याला ओसरी दिली, घर दिले नाही.

कोशात निजलेला जामदारखाना

मराठीचा जामदारखाना उघडून पाहावा. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झाला, त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून खंडशः निघाला. या कोशांच्या पानोपानी अंगावरच्या वस्त्रांची नावे विखुरली आहेत. अंगाचे रक्षण करणारा तो अंगरखा. बारा बंदांनी बांधायची ती बाराबंदी. पायघोळ, घेरदार तो जामा. सैल, वरून चढवायचा तो डगला. मानाचा, समोरून उघडा तो चोगा. आखूड, अंगालगतची ती मिरजई. कोपरापर्यंत बाह्यांची ती कोपरी. शेतकऱ्याची ती पैरण. बाह्यांची किंवा बिनबाह्यांची ती बंडी. वऱ्हाड-झाडीत ‘बंडी’ म्हटले की आधी बैलगाडी डोळ्यांपुढे येते, मग अंगावरची. पूजेच्या वेळी नेसायचा रेशमी तो मुकटा, लोकरीची ती धाबळी. वासुदेवाच्या अंगावरचा पायघोळ झगा वेगळा आणि गोंधळ्याचा वेगळा.

यातील कित्येक शब्द फारसी-अरबी आहेत, हे उघड आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करविला, तो याच जाणिवेतून. दरबारी भाषेतील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या या कोशाच्या दहा वर्गांपैकी एक ‘भोग्यवर्ग’ आहे. राज्य नवे उभे राहत असताना उपभोगाच्या वस्तूंना काय म्हणावे, याचाही विचार राजाने करावा, ही गोष्ट लहान नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ उभारली. ‘नेपथ्य’, ‘वेशभूषा’ हे शब्द त्या चळवळीने रूढ केलेल्यांपैकी आहेत. परंतु सावरकरांच्या भूमिकेचा दुसरा भाग सोयीस्करपणे विसरला जातो. ज्या वस्तू बाहेरूनच आल्या, त्या कोट, बूट, जाकीट यांसारख्यांची नावे तशीच येऊ देण्यास त्यांचा विरोध नव्हता. विरोध होता तो घरात शब्द असताना दारात हात पसरण्याला. म्हणजे ‘कोट’ला कोट म्हणावे, पण अंगरख्याला कोट म्हणू नये. एवढा साधा नियम पाळला असता तरी पुरे होते.

वस्त्राला राजकीय अर्थ असतो, हे मराठ्यांच्या इतिहासाला कोणी शिकवायला नको. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होते. पेशवेपदाची ‘वस्त्रे’ दिली-घेतली जात. बाळाजी विश्वनाथांना ती १७१३ साली, बाजीरावांना १७२० साली छत्रपती शाहू महाराजांकडून मिळाली. नेमणुकीचा कागद दुय्यम, वस्त्रे प्रथम. ‘पेशवाईची वस्त्रे’ या शब्दप्रयोगात अधिकार, निष्ठा आणि उत्तरदायित्व एकाच गाठोड्यात बांधलेले होते. आज सत्कारात ‘शाल-श्रीफळ’ उरले, एवढाच त्या परंपरेचा धागा. तीही शाल बहुधा पुन्हा कोणाच्या तरी सत्काराला जाते.

उतरण कोठे लागली?

एकोणिसाव्या शतकात दोन्ही देशांपुढे एकच पेच होता. जपानने १८७२ साली सरकारी समारंभांसाठी पाश्चात्त्य पोशाख ठरविला. पुढच्याच वर्षी खुद्द सम्राटाचे छायाचित्र पाश्चात्त्य लष्करी वेषात निघाले. म्हणजे जपानी राज्यकर्ते वेषाच्या बाबतीत कर्मठ होते, हा समज चुकीचा आहे. त्यांनी कचेरी, फौज आणि दरबार पाश्चात्त्यांच्या वेषाला दिला. पण विवाह, अंत्यविधी, मंदिर, कलामंच आणि घर येथे हाओरी-हाकामाचा अधिकार अबाधित ठेवला व त्याची पायरी निश्चित केली. पाच वर्षांच्या मुलाला ‘शिचि-गो-सान’ उत्सवात हाओरी-हाकामा घालून मंदिरात नेतात. सूमो मल्लांत वरच्या श्रेणीत पोहोचलेल्यालाच मोन्त्सुकी हाओरीचा मान मिळतो, खालच्याला साधा ‘युकाता’. ‘शोगी’ या जपानी बुद्धिबळाच्या किताबी लढतींत खेळाडू आजही हाओरी घालून बसतात. ज्या वस्त्राला प्रसंग नेमून दिलेला असतो, ते मरत नाही.

महाराष्ट्रात असा निर्णय कोणी घेतला नाही, आणि परतंत्र देशात तो घेणारी सत्ताही आपली नव्हती. लोकमान्य टिळकांचा अंगरखा, उपरणे आणि पगडी हा वेष सर्व हिंदुस्थानला परिचित होता. महात्मा जोतीराव फुले १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला गेले, ते मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषात. राजपुत्रासमोर औपचारिक वेष कोणता, या प्रश्नाला त्यांनी आपल्या पद्धतीने उत्तर दिले: ज्याच्या कष्टावर राज्य चालते, त्याचा वेष. दोघांचे मार्ग वेगळे, परंतु दोघांनाही वस्त्र हे विधान आहे, हे पुरते ठाऊक होते. पुढच्या पिढ्यांत आधी धोतरावर कोट आला, मग धोतर गेले, मग टोपी गेली आणि कोट राहिला. कुडत्याला ‘नेहरू शर्ट’ आणि बंडीला ‘नेहरू जाकीट’ म्हणणारी मराठी २०१४ नंतर त्याच बंडीला ‘मोदी जाकीट’ म्हणू लागली. पुढारी बदलले की वस्त्राचे नाव बदलते, मूळ ‘बंडी’ मात्र कोणाच्याच तोंडी नाही!

टिकले ते कोठे?

निराशेचे कारण नाही, कारण टिकल्याची उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. सोलापुरात मकरसंक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तेव्हा नंदीध्वजांच्या मिरवणुकीत हजारो भाविक पांढऱ्या बाराबंदीत चालतात. त्यांत महाविद्यालयात शिकणारे तरुण असतात, नोकरदार असतात, व्यापारी असतात. बाराबंदी म्हणजे काय, हे सोलापूरच्या मुलाला कोशात पाहावे लागत नाही. ती शिवणारे शिंपी आहेत, कारण ती मागणारे भाविक आहेत. मागणारे भाविक आहेत, कारण यात्रेची मर्यादा आहे. शब्द, शिंपी आणि संस्कार एकाच साखळीच्या कड्या आहेत. पारशी समाजाने आपली पांढरी ‘डगली’ लग्न आणि नवजोतासाठी अशीच जपली. संख्येने मूठभर समाज, पण डगलीला पर्यायी शब्द शोधावा, असे त्याला कधी वाटले नाही. नारदीय कीर्तनकाराच्या अंगरखा-उपरण्याचेही तेच.

झाडीपट्टीचे स्वतःचे उदाहरण तर विशेष आहे. दिवाळीनंतर या भागात गावोगावी नाटकांचा हंगाम सुरू होतो. शंकरपट आणि मंडई यांच्या निमित्ताने रात्र-रात्र नाटके चालतात. ऐतिहासिक नाटक असले की रंगमंचावर अंगरखा, शेला, मंदिल यांची नावे आणि रूपे पुन्हा जिवंत होतात. म्हणजे झाडीतल्या माणसाला हे शब्द परके नाहीत. फक्त ते रंगमंचावरून मांडवात उतरायचे राहिले आहेत.

धाग्याला नाव हवे, नावाला गिऱ्हाईक

हा केवळ शब्दांचा छंद नाही. कोशाच्या धाग्यामागे माणसे आहेत. ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या, पक्षी आणि मुंग्यांपासून त्यांना राखायचे, पावसा-उन्हात महिना-दीड महिना रानात पहारा द्यायचा, मग कोष गोळा करायचे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांत ढिवर समाज मुख्य आहे. तलावात मासेमारी आणि रानात कोसा, असे त्याचे वर्षाचे गणित. पुढे भंडारा जिल्ह्यातील मोहाडी-आंधळगावसारख्या गावांत विणकर त्या धाग्याची ‘करवती’ साडी विणतात. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी, म्हणून करवती. या साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण साडी नेसणारी स्त्री जितकी कमी होईल, तितका हा माग थंडावेल. पुरुषाच्या वेषात कोशाला स्थान नसणे म्हणजे अर्धे गिऱ्हाईक आधीच गमावणे.

जपानमध्येही रानचे रेशीम आहे. त्याला ‘तेन्सान’ म्हणतात. ओकच्या पानांवर वाढणारी ही अळी आणि ऐनावरची आपली कोशाची अळी शास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातिसमूहातील बहिणी. नागानो प्रांतातील आझुमिनो येथे तेन्सान जपले जाते. त्याचा हिरवट धागा दुर्मीळ म्हणून अतिशय मोलाने विकला जातो. फरक धाग्यात नाही. तेन्सानच्या वस्त्राला नाव, प्रसंग आणि मान आहे, म्हणून मोल आहे. नववधूच्या उचिकाकेवर क्रौंच पक्ष्याची जोडी भरतात, कारण तो दीर्घायुष्याचे आणि निष्ठेचे प्रतीक. महाराष्ट्रात सारस क्रौंचाचे मुख्य आश्रयस्थान गोंदिया जिल्हा आहे. धानाच्या बांध्यांत जोडीने फिरणारा, जोडीदाराशी एकनिष्ठ म्हणून लोकांना ठाऊक असलेला हा पक्षी येथील लग्नाच्या शेल्यावर का उतरू नये?

करावयाचे काय, ते अवघड नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली पदवीदान समारंभात हातमागाच्या वस्त्रांचा वापर करण्याविषयी विद्यापीठांना कळविले. २०२४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतील वैद्यकीय संस्थांना काळा झगा आणि टोपी सोडून त्या त्या राज्याच्या परंपरेवर आधारित वेष ठरविण्यास सांगितले. संधी चालून आली आहे. विदर्भातील विद्यापीठांनी कोशाचे उपरणे आणि कोशाचीच बाराबंदी स्वीकारावी, आणि कार्यक्रमपत्रिकेवर त्यांना ‘स्टोल’ व ‘जॅकेट’ न म्हणता त्यांच्या नावाने संबोधावे. विणकर संस्थांनी विक्रीकेंद्रात ‘एथनिक’ ही पाटी उतरवून अंगरखा, बंडी, मिरजई अशा पाट्या लावाव्यात. शाळांनी ‘ट्रॅडिशनल डे’ साजरा करण्यास हरकत नाही, पण त्या दिवशी प्रत्येक मुलाला अंगावरच्या वस्त्राचे नाव आणि त्याचे क्रियापद सांगता यावे, एवढी एकच अट असावी. गणवेश म्हणजे नुसते कापड नव्हे, हे ज्यांना सांगावे लागत नाही, त्या कुटुंबांनी तरी लग्नाच्या याद्यांत भाड्याच्या शेरवानीच्या जागी कोशाचा एक अंगरखा शिवून घ्यावा. तो भाड्याने परत जात नाही. धाकट्या भावाला, मग मुलाला येतो.

एक सावधगिरी मात्र जपानकडूनच शिकावी लागेल. तेथे किमोनोचे नियम इतके काटेकोर झाले की, तो कसा नेसावा हे शिकविणाऱ्या शाळा काढाव्या लागल्या, आणि चुकण्याच्या भीतीने कित्येक तरुणांनी त्याच्याकडे पाठ फिरविली. किमोनोच्या धंद्याला तेथेही उतरती कळा लागली आहे. मर्यादा हवी, धाक नको. सोलापूरच्या यात्रेत बंद चुकीचा बांधला म्हणून कोणी कोणाला रांगेबाहेर काढीत नाही. शेजारचा वडीलधारा माणूस तो सोडून पुन्हा बांधून देतो. परंपरा अशीच हस्तांतरित होते, हाताने आणि शब्दाने. आणि सक्ती तर कोणावरच नको. ज्याला सूट सोयीचा, त्याने सूट घालावा. प्रश्न पर्याय उपलब्ध असण्याचा आहे, आणि ज्याला नाव नाही, तो पर्याय उपलब्ध नसतो.

ऐनाच्या पानांवर अळी आपले काम करीतच राहील. ती धागा देते, पण त्या धाग्याचे नाव माणसाला ठेवावे लागते. ते नाव मराठीत आहे, कोशांत सुरक्षित आहे, यात्रेत आणि रंगमंचावर अजून ऐकू येते. उद्या एखाद्या घरात लग्नाची खरेदी निघेल, तेव्हा वडीलधाऱ्यांनी दुकानदाराला ‘एथनिक दाखवा’ म्हणण्याऐवजी ‘कोशाचा अंगरखा आहे का?’ एवढे विचारावे. पहिल्या दहा दुकानांत ‘नाही’ असे उत्तर मिळेल. अकराव्या दुकानदाराला वाटेल की मागणी आहे, मग ठेवायला हवा. आणि घरात मुलगी आरशासमोर उभी राहून “साडी घातली” म्हणेल, तेव्हा आईने हसून एवढेच म्हणावे, “घातली नाही गं, नेसलीस.”